दोन डिग्री मागे

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आली एकदाची धोंड घरात! — हे बायकोचं, नम्रताचं. मी म्हणतो, गाडी आली. जपानी, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, चार चाकं. कागदावर एटीव्ही, पोरं क्वाड म्हणतात. मुळशीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागे पाच पावसाळे कुजत होती. सीटमध्ये उंदरांची वसाहत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक झालेला. पण किक दाबली तर पिस्टन हलतो. जीव आहे.

विश्रांतवाडीच्या या घराला मागे पत्र्याची शेड आहे म्हणून मी जगलो. नाहीतर वर्षभर कुठे बसलो असतो? पारावर, पेन्शनर मंडळींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ऐकत.

उत्कर्षा गाडीभोवती दोनदा फिरली. "बाबा, नऊ फेब्रुवारीला वाघोलीच्या खाणीत रेस आहे. खुला गट. मी चालवू?" मग जरा थांबून — "रणजितदादांची पण क्वाड असणार आहे."

म्हणून तर आणलीय, बाई!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहून ठेवतो. नाहीतर म्हातारपणी विसरून माफबिफ करून टाकीन.

रणजित माझ्याकडे आला तेव्हा स्पॅनर उलटा धरायचा. कात्रजचं गॅरेज आम्ही दोघांनी उभं केलं. बोर्डावर त्याचं नाव, आणि गाड्या यायच्या त्या माझ्या कानासाठी. अठ्ठावीस वर्षं आकुर्डीच्या कारखान्यात, टेस्ट सेलमध्ये, मी इंजिनं ऐकली. बाकीचे कानात कापसाचे बोळे घालायचे. मी एक दिवस घातले नाहीत. बोळे घालून इंजिन ऐकायचं म्हणजे मोजे घालून कणीक मळायची! रस्त्यावरून गाडी गेली तरी सांगायचो, हिचा पेट्रोलचा जेट लहान आहे. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. 'रवीचा कान' हा शब्दच पडला होता आमच्या धंद्यात.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या गॅरेजसाठी रेस चालवणाऱ्या प्रज्ञेशची गाडी कात्रजच्या घाटात सीझ झाली. म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. टू-स्ट्रोक असा चिकटला की मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पोरगं उडालं, कॉलरबोन मोडलं. इंजिन मी बांधलेलं, टायमिंग मी लावलेलं. पेट्रोल भेसळीचं होतं हे मी त्याच दिवशी सांगितलं. पंधरा दिवसांनी रणजितने मला चहा पाजला आणि म्हणाला, "दादा, आता तुम्ही जरा आराम करा. ट्यूनिंग आपण कॉम्प्युटरवर करू या."

आराम! अकरा वर्षांनी अर्धा कप चहा आणि आराम.

लोकांना काय सांगितलं असेल ते सांगायला नकोच. सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून मोकळा. त्या दिवसापासून एक गाडी माझ्याकडे आली नाही.

नऊ फेब्रुवारीला त्याच्या कॉम्प्युटरला माझ्या कानाने हरवणार आहे. बाकी मला काही नको.

२४ नोव्हेंबर, रविवार

सिलिंडर उतरवला. सरळ आहे, ओरखडा नाही. क्रँकच्या बेअरिंगा गेल्यात. उत्कर्षाने मांडी घालून केस साफ केली. शनिवार-रविवार मिळतो तिला, बाकी पाच दिवस खराडीत एसीत बसून स्क्रीन बघते. हात मात्र अजून माझे आहेत तिच्याकडे. गॅस्केट खरवडताना पात्याचा कोन बरोबर धरते. हे कोणी शिकवून येत नाही — म्हणजे, मी शिकवलं, पण तरी.

१ डिसेंबर, रविवार

डाळ करपली. नम्रता बँकेत — नाही, बँक काल, आज भिशीला गेली होती. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा हो." मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो, कान स्वयंपाकघराकडे. शिट्टीच झाली नाही! करपल्याचा वास आला तेव्हा उठलो.

शिट्टी खोलली. आतलं छिद्र सुईने साफ केलं, बूड फाइलने घासलं, वजन केलं. तिला म्हटलं, शिट्टी नीट बसतच नव्हती, आता बघ. तिने संध्याकाळी भात लावला. उत्कर्षाकडे बघितलं फक्त. या दोघींचं हल्ली काहीतरी चालू असतं. पुटपुटत बोलतात. तोंड उघडून बोलायची पद्धतच गेली घरातून.

८ डिसेंबर, रविवार

एक्झॉस्टचं पोर्ट एक मिलिमीटरने वर नेलं. हँड ग्राइंडर, मग कापड, मग बोटाने चाचपत पॉलिश. चार दिवस लागले. सिलिंडरचं हेड भोसरीला जुन्या ओळखीच्या लेथवर स्वतः उभं राहून टर्न केलं. कॉम्प्रेशन कंपनीपेक्षा बरंच वर. सायलेन्सरचे कोन पत्र्यातून कापून, वळवून, वेल्ड केले. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. नम्रता म्हणाली, "दुधी भोपळा दिसतोय." दिसू दे. या भोपळ्यात निम्मी ताकद आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

चालू झाली!! तिसऱ्या किकला. शेजारचे तात्याराव भिंतीवरून — "अहो, अंत्यविधी आमचा की तुमचा?" म्हटलं, आधी नंबर लावा.

१५ डिसेंबर, रविवार

चऱ्होलीला गेनबाच्या शेतात नेली. आजूबाजूला सगळ्यांच्या टॉवरी उभ्या राहिल्या, याने दीड एकराचा एक उतार तसाच ठेवलाय. विचारलं तर म्हणतो, "म्हशीनं जायचं कुटं? लिफ्टनं?" तोच उतार मला हवा. इंजिनाला खरा लोड चढावरच मिळतो.

टायमिंगला सुरुवात केली. ठिणगी किती आधी पडायची ते. आधी पडली तर ताकद जास्त, पण फार आधी पडली की पेट्रोल भलत्याच वेळी भडकतं आणि पिस्टनवर हातोडे पडतात. त्याचा आवाज येतो, बारीक टिकटिक. रणजितला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं ते हेच. कॉइलची प्लेट थोडी थोडी फिरवत पुढे न्यायची. दर वेळी चढावर पूर्ण थ्रॉटल. टिकटिक ऐकू आली की थांबायचं. तिथून दोन डिग्री मागे. तिथे खूण. संपलं! याला कॉम्प्युटर लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. कान लागतो.

अठरा डिग्रीवर सुरू केलं. वीसवर नेलं. टिकटिक नाही.

२२ डिसेंबर, रविवार

बावीस डिग्री. उत्कर्षा चढावर गेली, मी मधोमध उभा. स्वच्छ! असं इंजिन मी आजवर बांधलं नव्हतं. बावीसला भलेभले कुरकुरायला लागतात.

गेनबा म्हशीला पाणी पाजत होता. म्हणाला, "मास्तर, गाडीच्या पोटात लाह्या फुटत्यात जनू."

म्हटलं, सायलेन्सर नवा आहे, पत्रा वाजतोय.

"पत्रा न्हाय ओ. ह्ये बारीक हाय. तुमास्नी न्हाय व्हय ऐकू येत?"

आता म्हशीवाल्यांनी टू-स्ट्रोक शिकवायचा राहिला होता! उत्कर्षाही हेल्मेट काढून म्हणाली, "बाबा, मलाही वाटतंय. लोडवर नॉक येतोय, ती टिकटिक." तिला म्हटलं, तू गाडीवर, खाली चेन, शेजारी मडगार्डचे पत्रे. तुला चेन आणि नॉक यातला फरक कळायला अजून वीस वर्षं आहेत.  तिने ओठ नम्रतासारखे आवळले.

२९ डिसेंबर, रविवार

चोवीस. तरी टिकटिक नाही! हेड मी बनवलंय, येईल कशी?

प्लग काढून बघितला. पोर्सलीनवर बारीक चंदेरी कण. पेट्रोलमधली घाण. हल्ली पंपावर काय मिळतं देव जाणे. उत्कर्षा म्हणते, हेड उघडून पिस्टन बघू या. म्हटलं, गॅस्केट एकच आहे आणि ते बसलंय. उगाच उघडझाक करणारे मेकॅनिक मला आवडत नाहीत.

(चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम, हे मीच तिला शिकवलंय. मला माहीत आहे. पण टिकटिक नसेल तर पिस्टन झिजेल कशाला?)

५ जानेवारी २०२५, रविवार

घराची बेल बदललीय. मला न विचारता! आधी कोकीळ होती, बावीस वर्षं तीच. आता 'घॉंग' असं काहीतरी वाजतं, शाळा सुटल्यासारखं. विचारलं तर नम्रता म्हणते, "जुनी बिघडली होती." मी खोलून बघितली. काही झालेलं नाही तिला. सेल टाकला, बटण दाबलं, आतल्या स्पीकरचा पडदा थरथरतोय. म्हणजे वाजतेय. शेडमध्ये हवेचा पंप चालू होता म्हणून मला नीट कळलं नाही.

चांगली वस्तू फेकायची आणि नवी आणायची. रणजितचा गुण सगळ्यांना लागला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रणजित आला. स्वतः! हातात तिळगुळाचा डबा आणि एक खोकं. वर्षभरात दाढी पिकलीय त्याची. नम्रताच्या पाया पडला, माझ्याही पडला. मी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादही दिला नाही.

"दादा, तिळगूळ घ्या."

घेतला. पुढचं तो म्हणाला नाही. शहाणा आहे.

मग ते खोकं उघडलं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, एक वायर, वर लाल दिवा. वायरचं टोक हेडच्या बोल्टखाली घट्ट करायचं. "इंजिनात नॉक आला की दिवा लागतो, दादा. मी तीन आणल्या. एक तुमच्यासाठी."

म्हटलं, माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आहे. वायरसुद्धा लागत नाही.

तो हसला नाही. "उत्कर्षा चालवणार आहे म्हणून आणली," म्हणाला. म्हणजे? माझ्या पोरीची काळजी याला माझ्यापेक्षा जास्त! म्हटलं, रणजित, तू आता ये. चहाही झालेला नव्हता. नम्रता कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो गेल्यावर तिने दोन्ही कप मोरीत ओतले आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. किंवा बोलली असेल, पुटपुटत.

डबी भंगाराच्या खणात टाकली.

१९ जानेवारी, रविवार

सव्वीस डिग्री. टिकटिक नाही.

सव्वीस! मला स्वतःलाच विश्वास बसत नाही. कारखान्यातल्या कुठल्याच इंजिनाने मला सव्वीस दिले नव्हते.

२६ जानेवारी, रविवार

भांडण. तेही गेनबासमोर.

उत्कर्षा अर्ध्या चढावर थांबली, गाडी बंद केली आणि चालत खाली आली. "बाबा, मी नाही चालवणार अशी. पिंग करतेय ती, क्लिअरली. सीझ झाली तर मी कुठे जाईन?" खाणीच्या ट्रॅकला एका बाजूला कडा आहे, हे खरं. म्हटलं, मी तुझा बाप आहे. तुला सीझ होणाऱ्या गाडीवर बसवीन का?

ती म्हणाली, "प्रज्ञेशला बसवलं होतंस."

हात उचलला नाही मी. आयुष्यात कधी उचलला नाही. पण स्पॅनर फेकला, तो गेनबाच्या हौदात गेला. गेनबाने धोतर खोचून काढून दिला. "राग येनारच. पोटची पोर हाय, तिचं ऐका," एवढंच बोलला.

टेम्पोने परत निघालो. धानोरीच्या सिग्नलला ती म्हणाली, "चालवीन मी. तुझ्यासाठी." बाहेर बघत म्हणाली, पण मला समजलं.

घरी येऊन विचार केला. प्रज्ञेशचं मीच लावलं होतं टायमिंग, चोवीसला. तेव्हाही टिकटिक नव्हती. म्हणजे टायमिंग बरोबरच होतं. पेट्रोल!

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटचं सेटिंग. टिकटिक सापडलीच नाही, तर मागे कुठून येणार? म्हणून सव्वीस तेच ठेवलं. पहाटेची थंड हवा दाट असते, म्हणून मेन जेट दोन नंबरने मोठा केला. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे.

प्लेटवर स्क्राइबरने रेघ मारली. तिन्ही स्क्रू घट्ट केले आणि डोक्यांवर नेलपॉलिशचा ठिपका. नम्रताची जुनी डाळिंबी बाटली, पंधरा वर्षं शेडमध्येच असते. ठिपका फुटला की कळतं, कोणीतरी हात लावला. खूण केल्याशिवाय स्क्रू सोडायचा नाही — उत्कर्षा सात वर्षांची असताना तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चांगल्या पेट्रोलसाठी पार नगर रोडला गेलो, दोन पंप बघून. येईपर्यंत संध्याकाळचे सात. उत्कर्षा रजा टाकून शेडमध्ये गाडी पुसत होती. शाबास!

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरी.

आठ गाड्या होत्या. सुटताना पाचवी, पहिल्या फेरीत तिसरी, चौथीला दुसरी. धुळीत तिचं पिवळं हेल्मेट दिसलं की माझा श्वास परत यायचा. कड्याच्या वळणावर दर फेरीला मी डोळे मिटले. हे फक्त इथे लिहितो. गाडी टिकली, शेवटपर्यंत ओढत होती. आवाज मला जरा मऊ वाटला. थंडीमुळे असेल.

पहिला आला प्रज्ञेश. रणजितच्या क्वाडवर! दोन गाड्यांच्या अंतराने फक्त. हँडलवर ती लाल दिव्याची डबी.

रणजित येऊन म्हणाला, "दादा, इंजिन काय बांधलंय! आणि टायमिंग अगदी..." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. कौतुक करायला येतो. जिंकलेल्याला परवडतं.

उत्कर्षाने मिठी मारली. घामाने आणि ऑइलच्या धुराने नुसती माखलेली. मी म्हटलं, पहिली यायला हवी होतीस. आत्ता लिहिताना वाटतंय, म्हणायला नको होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोणीतरी प्लेट फिरवलीय!!

मॅग्नेटचं कव्हर उघडलं. रेघ जुळत नाही. सहा डिग्री मागे! माझे डाळिंबी ठिपके खरवडलेले. आणि चोराची अक्कल बघा — वर स्वतःचे नवे ठिपके दिलेत. मोरपंखी रंगाचे. म्हणजे मला कळू नये म्हणून. मला!

वीस डिग्रीवर पळाली ती. सव्वीसवर सहा डिग्रीची ताकद अजून होती. दोन गाड्यांचं अंतर म्हणजे काय? काहीच नाही. पहिली आलो असतो.

हे एकालाच जमेल. माझी पद्धत, माझी प्लेट, माझे ठिपके, सगळं ज्याला ठाऊक आहे असा एकच जण. शनिवारी गाडी खाणीतल्या मांडवात ठेवली होती. रात्रभर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कात्रजला गेलो. दोन बस बदलून. गॅरेजमध्ये सात-आठ गिऱ्हाइकं. त्यांच्यासमोर बोललो. जे जे तीन महिने इथे लिहिलं ते सगळं तोंडाने बोललो. चोर म्हटलं. माझ्या हाताखाली वाढून माझ्याच ताटात माती कालवलीस म्हटलं.

रणजित हात पुसत उभा. एकदाच म्हणाला, "प्लेट फिरवली होती?" आणि चेहऱ्यावर — काय होतं ते? सुटका झाल्यासारखं. मग, "दादा, बसा. चहा सांगतो."

नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. निर्दोष माणूस ओरडतो की नाही?

निघालो तर प्रज्ञेश मागे आला. बसस्टॉपपर्यंत. "काका, रणजितदादांना असं नका बोलू. माझा ॲक्सिडेंट झाला ना, तेव्हा ते माझ्या आईच्या पाया पडले होते. म्हणाले, टायमिंग माझ्या हातून चुकलं, रवीदादांचा काही संबंध नाही."

त्याच्या हातून? प्रज्ञेशच्या इंजिनाला रणजितने हात लावला नव्हता. मी लावलं होतं टायमिंग.

खोटं का बोलला? यातही काहीतरी डाव असणार. बसमध्ये विचार केला. डाव सापडला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बेअरिंगांना ग्रीस. बाकी काही नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उत्कर्षाने पोह्यांची बशी पुढे केली. बशीच्या कडेवर तिचा अंगठा. नखावर मोरपंखी रंग.

मी बशी घेतली नाही.  मग तिने स्वतःच्या नखाकडे बघितलं, बशी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"हो. शुक्रवारी. तू पेट्रोल आणायला गेलास तेव्हा."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. माझ्या खुणेवर माझ्याच पोरीने हात घातला! रणजितसमोर मी — सात-आठ लोकांसमोर मी —

ती ओरडली नाही. सावकाश, तोंड उघडून बोलली, लहान मुलाशी बोलावं तसं. "बाबा, मला ती रेस तुझ्यासाठी चालवायची होती. आणि मला मरायचं नव्हतं. मी डिसेंबरपासून सांगतेय. गेनबामामांनी सांगितलं. तुला ती टिकटिक ऐकूच येत नाहीये."

म्हटलं, मला? माझ्या कानांना काय धाड भरलीय? तुझं बोलणं ऐकतोय, रस्त्यावरची रिक्षा ऐकतोय!

"जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. रणजितदादांना प्रज्ञेशच्या वेळीच कळलं होतं. तुझा कान गेला असं त्यांनी कोणाला कळू दिलं नाही, एवढंच."

मी नम्रताकडे बघितलं. ती ओट्याशी पाठ करून उभी. वाटलं, ही तरी म्हणेल, काहीतरीच काय बोलतेस गं बापाला. ती वळली, पदराने हात पुसले.

"अहो, चांगली बेल मी उगाच बदलली का?"

पोहे तसेच राहिले. दिवसभर शेडमध्ये बसलो. खोटं आहे. तिघांनी मिळून रचलेलं. कुकरची शिट्टी, बेल, गेनबा, रणजित... खोटं आहे.

संध्याकाळी हेड उघडलं. पिस्टनची एक कड उंदराने कुरतडल्यासारखी होती. हेड पुन्हा बसवलं. मग भंगाराचा खण ओढला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गेनबाचं शेत. प्लेट माझ्या रेघेवर परत आणली, सव्वीस. रणजितची डबी हँडलला बांधली. उत्कर्षा म्हणाली, मी चालवते. नको म्हटलं, आणि स्वतः बसलो.

चढ. तिसरा गिअर. पूर्ण थ्रॉटल.

अर्ध्यावर लाल दिवा लागला. विझला नाही. वर पोहोचून थ्रॉटल सोडेपर्यंत विझला नाही. इंजिन इतकं गोड चालत होतं.